खाटल्यावरचा हरी

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मी तीस-बत्तीस वर्षं पोरांना शिकवली. अर्थ ठरलेला. काही न करता सगळं आयतं मिळेल, अशा भरवशावर बसणारा आळशी माणूस. मी फळ्यावर लिहायचो, पोरं वहीत उतरवायची, परीक्षेत दोन मार्क. इतक्या वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही, की गुरुजी, तो माणूस खाटल्यावर पडलाय कशानं? गेले पंधरा दिवस मीच विचारतोय.

खाटलं हा शब्द आमच्या रहिमतपुरात रोजच्या बोलण्यात नाही. आमची बाज. लाकडाची चौकट, सुंभाची वीण, सैल पडली की पायथ्याकडून ओढून ताणायची. माझ्या लहानपणी कष्टकऱ्याच्या घरात ती दिवसा भिंतीला उभी असे. धडधाकट माणूस उजेडी तिच्यावर दिसला, तर शेजारीण चौकशीला यायची, अंग गरम हाय का म्हणून. दिवसाची बाज तिघांचीच: दुखणाईत, थकलेलं म्हातारं आणि बाळंतीण. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाचा धूर, आणि ताट जागेवर. तिला कुणी हरीचं नाव घेऊन टोमणा मारल्याचं मी ऐकलेलं नाही. मग म्हणीतला माणूस यांच्यातलाच कुणी असला तर? तीन महिने पाय मोडून पडलेला, आणि देवाचं नाव घेण्यापलीकडे हातात काही नसलेला? की ‘हरी’ला ‘वरी’ जुळतं, एवढ्याचसाठी कुणीतरी त्याला खाटल्यावर नेऊन झोपवलं आणि आपण यमकापायी त्याला आळशी ठरवून बसलो?

हे मी भाच्याला सांगितलं. तो डॅलसजवळ असतो. आमची रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार संध्याकाळ, तेव्हा आम्ही बोलतो. तो हसला. म्हणाला, “मामा, म्हण मी काढली आणि तुम्ही तिचं पोस्टमॉर्टम करताय.”

म्हण त्यानंच काढली होती, हे खरं, आणि ती एका कायद्यावरून. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी जो मोठा कायदा सही करून आणला, त्यात मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, कामाची अट आहे. धडधाकट प्रौढानं महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवायची. गरोदर बाया आणि लहान मुलांचे आईबाप वगळले आहेत. भाच्याला हे पटतं. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, ज्याला खायचंय त्यानं हातपाय हलवावेत. रेगन हा त्याचा माणूस. रेगन १९८९ ला व्हाइट हाउसमधून बाहेर पडले तेव्हा भाच्याचा जन्मही झाला नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं, की तुमच्याकडं दहातली चार बाळंतपणं त्याच मेडिकेडच्या पैशावर होतात. तो म्हणाला, तेच तर.

‘तेच तर’ दोन्ही बाजूंनी म्हणता येतं. मी त्याच्याशी भांडत नाही, कारण भांडायचं तर गावातच सुरुवात करावी लागेल. आमच्या शेजाऱ्याचं आलं काढणीला आलं की त्याच्या बांधावर मी हीच मतं ऐकतो, फक्त इंग्रजी सोडून. “लाडक्या बहिणीचं पंधराशे सुरू झालं आन् बाया कामाला मिळंनात. फुकटचं देऊन सरकारनं माणसं नासवली.” जुलै २०२४ पासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की रहिमतपुरात झेंड्यावाचून अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाची शाखा चालते, असंच वाटतं. शेजारी कष्टाचा माणूस आहे. आल्याच्या गाडीला, म्हणजे पाचशे किलोला, यंदा काय मिळेल ते त्याला लागणीच्या वेळी ठाऊक नसतं, आणि तरी तो लावतो. पण त्याच्या उसाला कारखान्यानं किमान किती द्यायचं, ते सरकार ठरवतं. त्याच्या पंपाचं बिल साडेसात अश्वशक्तीपर्यंत माफ आहे. पंधराशे त्याच्या घरातही येतात. यातलं काही त्याला ‘फुकटचं’ वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

मी तरी कुठला? १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलो, म्हणून जुनी पेन्शन. त्या तारखेपासून लागलेल्यांना ती नाही. ते माझ्याहून आळशी होते असं नाही. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज बहुधा दुपारी येतो, आणि तेव्हा मी बाजेवर आडवा असतो. माझा हरी कोषागारात बसतो.

तरुणपणी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा कानांवर पडली होती: ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’ तेव्हा अंगावर काटा यायचा. सरकारनं शेतकऱ्याच्या बाजारातून हात काढावा, एवढंच तो माणूस सांगत होता, आणि त्या काळच्या अमेरिकन रिपब्लिकनांनी त्याला शाबासकी दिली असती. आताच्या रिपब्लिकनांनी २७ ऑगस्ट २०२५ ला बऱ्याच भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क बसवलं. हे काढलं की भाचा विषय बदलतो. ग्रीन कार्डचा विषय निघाला तर आणखी लवकर. वर्षाच्या कोट्यातली कार्डं एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि तो रांगेत आहे. ज्यांची मतं तो बोलतो, त्यातले काही जण त्यालाच आयता आलेला समजतात.

बोलता बोलता त्यानं एकदा मोबाइल गाडीच्या काचेकडे धरला. रस्त्याच्या कडेला बुटकी, तांबड्या कणसांची ज्वारी, नजर पोचेपर्यंत. “मामा, हे काय पीक आहे?”

मिलो. मी नाव घेतलं आणि माझ्या तोंडाला कोरड पडली.

१९७२ ला मी नऊ वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी आली, तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी थापताना कडेला चिरायची, तव्यावरून उतरवली की खापरीसारखी. तिकडं ही डुकरांना घालतात, असं मोठी माणसं म्हणायची आणि खायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, ती मात्र गोड. आईबाप दोघं खडी फोडायला जायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात माझी बहीण झाली, म्हणजे भाच्याची आई. आई सातव्या महिन्यापर्यंत हातोडी घेऊन बसत होती, मग बाजेवर. त्या उन्हाळ्यात राज्यभर कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. तासगावजवळच्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. त्यांनी ही कल्पना आधी आपल्या गावाकडं करून पाहिली होती, १९६५ च्या सुमारास: मागेल त्याला काम. त्याचाच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

आणि ती मिलो पिकवणारा टेक्सास-कॅन्ससचा शेतकरी? त्याचं उरलेलं धान्य सरकारनं उचलायचं आणि बाहेर खपवायचं, ही तिकडची जुनी रीत. त्यासाठीचा १९५४ चा पी. एल. ४८० कायदा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या सहीचा, म्हणजे रिपब्लिकनच. २०१८-१९ मध्ये चीनशी शुल्काची मारामारी झाली, तेव्हा त्याच शेतकऱ्यांसाठी ट्रम्प सरकारनं २८ अब्ज डॉलर जाहीर केले. तोही बहुधा म्हणत असेल, फुकटचं देऊन माणसं नासतात.

हे सगळं मी भाच्याला जरा चढ्या आवाजात ऐकवलं. तुझ्या आजीची बाज सरकारनं सांभाळली, तुझी आई त्या सुकडीवर वाढली, वगैरे. गाडी चालवता चालवता तो शांतपणे म्हणाला, “पण मामा, आजी खडी फोडतच होती ना? सातव्या महिन्यापर्यंत. तुमच्या पागेसाहेबांनी कामाची अटच घातली होती की.”

मी गप्प बसलो. मागेल त्याला काम आणि काम करील त्यालाच दाणा, ही एकच गोष्ट आहे का? एकीत सरकार बांधलेलं आहे, दुसरीत माणूस. कागदावर फरक डोंगराएवढा. पण हातोडी घेऊन उन्हात बसलेल्या बाईला तो दिसत असेल का? काम संपलं असतं आणि तरी पोट राहिलं असतं, तर? त्याच्या ८० तासांत हे कोण विचारणार? हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. सुचायला नेहमी तेवढाच उशीर होतो.

आई ब्याऐंशीची आहे. आता दिवसाही बाजेवर असते. संध्याकाळी तिच्या पायांशी बसलो आणि मिलोचा विषय काढला. म्हटलं, काय दिवस काढले आपण, ती तांबडी भाकरी अजून घशात अडकते.

ती माझ्याकडे बघत राहिली. “तू कवा खाल्ली मिलो?”

“म्हणजे?”

“आदल्या सालचा शाळू व्हता कणगीच्या तळाला. तुमा पोरास्नी त्याची भाकरी. मिलो आमी दोघं खायाचो, तुमी निजल्यावर.” मग थोड्या वेळानं, “एकदा मागितलीस. न्हाय दिली.”

खापरीसारखी भाकरी, कडेच्या चिरा, ती कोरड, सगळं मला आठवतं. आईचं वय झालंय, तिची गल्लत होत असेल. किंवा माझी. पुढच्या रविवारी भाच्याला यातलं काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.