लुगड्याची घडी आणि मुठीएवढा फिल्टर

२००६ च्या पुरावर इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय. माझी आठवणही पाण्याचीच आहे, पण ती पुरातून निघून साल्हेरच्या डोंगरावर जाते. जरा लांबलीय. चहा घेऊन बसा.

मी ३१ वर्षं पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये काढली. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये कापडाइतकंच पाणी सांभाळावं लागतं. पाणी जड असलं की शेड बिघडते, मग अख्खा लॉट परत आणि मास्तरची शोभा. सँड फिल्टर, सॉफ्टनर, बॅकवॉश, सगळं माझ्याकडे होतं. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला कळतं अशी एक घमेंड होती. खोटं कशाला बोलू?

ती २०१९ साली उतरली. धाकटी तेव्हा कॉलेजात. ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर डांगच्या जंगलात गेली. भर पावसात ओढे नुसते वाहत होते. एका मैत्रिणीकडे स्ट्रॉसारखी फिल्टरची नळी होती. सगळ्यांनी ओढ्याला तोंड लावून त्यातून पाणी ओढलं, फोटो काढले, मजा केली. साधारण महिन्यानं पोरीला ताप, मळमळ, अन्नाचा वास नको. दोन दिवस आम्ही पित्त म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी हिनं तिला खिडकीशी नेऊन डोळे बघितले. हळदीसारखे पिवळे.

कावीळ, हिपॅटायटिस ए. डॉक्टर म्हणाले, "ओढ्याच्या पाण्यानं झाली की पाणीपुरीनं, हे मी सांगू शकत नाही. अंगात शिरल्यावर दिसायला १५ ते ५० दिवस लागतात." दीड महिना पोरगी अंथरुणाला. सेमिस्टर गेलं. आमची ही रात्री उठून तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची, आणि मी दिवसा मिलमध्ये लाखो लिटर पाण्याचा हार्डनेस मोजायचो.

त्या नळीचा खोका मी मागवून घेतला. चष्मा लावून वाचला. बॅक्टेरिया ९९ च्या पुढे नऊवर नऊ, प्रोटोझोआ तसंच. विषाणू हा शब्द कुठेच नाही. खोका खोटं बोलला नव्हता, आम्हीच वाचला नव्हता. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जिआर्डियाची गाठ ८ ते १२ मायक्रॉनची. टायफॉइडचा जंतू अर्धा-पाऊण मायक्रॉन जाड. या फिल्टरचं छिद्र ०.१ मायक्रॉन, म्हणजे हे सगळे बाहेर अडकणार. पण या काविळीचा विषाणू ०.०३ मायक्रॉनचा. मोठ्या दारातून मांजर जावं तसा तो जातो.

हिनं निकाल दिला, "या घरात डोंगराचं नाव काढायचं नाही."

हिच्या मनातली पाण्याची भीती जुनी आहे. ७ ऑगस्ट २००६ ला उकाईचं पाणी आलं तेव्हा आम्ही अडाजणला दुसऱ्या मजल्यावर होतो. धाकटी ७ वर्षांची. तळमजला पूर्ण गेला. खाली जिन्यात काळं पाणी, त्यावर डिझेलचा तवंग, कुणाचं तरी कपाट तरंगतंय, आणि प्यायला घोट नाही. टाकी खालची, मोटर पाण्यात. पाऊस यायचा तेव्हा गच्चीवर पातेली मांडायची. ते पाणी ही माझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळायची, तुरटी फिरवायची, मग उरलेल्या गॅसवर उकळायची आणि कपानं मोजून द्यायची. समोरच्या बाल्कनीतून बेन ओरडल्या, "भाभी, पाणी छे?" हिनं दोरीला बांधून अर्धी कळशी पाठवली. नंतर मला म्हणाली, "आता रात्री कुणी मागू नका." हेलिकॉप्टरमधून पाण्याचे पाऊच पडले तेव्हा ही रडली. त्यानंतर आजतागायत आमच्याकडे दोन कळश्या कायम भरलेल्या असतात.

ते लुगडं पारोळ्याकडच्या आमच्या गावचं. आई विहिरीवर जाताना आम्हाला बजावायची, "पानी गाळीसन भरजो, माय." का, ते तिनं कधी सांगितलं नाही. गावात नारू झालेले पाय मी लहानपणी पाहिलेत. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे. नारूची अळी पाण्यातल्या बारीक किड्यातून पोटात जाते, आणि तो किडा फडक्यात अडकतो. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात औषधाचा वाटा नव्हता, नारूवर औषधच नाही. गाळण्याचा वाटा मोठा.

असो. सहा वर्षं डोंगर बंद. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात साल्हेर. धाकटी आता नोकरी करते. तिनं जेवताना विषय काढला, "पप्पा, आपल्या सुरतेपासून सगळ्यांत जवळचा त्यातला हाच." साल्हेरचं नाव निघालं की मी वितळतो. 'तुमच्या शिवाजीनं आमची सुरत लुटली' हे शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलंय ना? दुसऱ्या लुटीनंतर, १६७० साली, महाराज याच बागलाणातून परत गेले आणि १६७२ ला साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांशी मोठी लढाई झाली. मी हिच्याकडे बघून म्हणालो, "मी बरोबर जातो. पाण्याची जबाबदारी माझी."

"आणि गुडघ्याची?" ही म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

गुडघ्याचा प्रश्न खरा होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दिवसभराचं चार लिटर पाठीवर घेऊन हा माणूस चढणार नाही हे तिलाही माहीत, मलाही. वर तळं आहे. तेव्हा दोन लिटर न्यायचं आणि बाकीचं वर करून घ्यायचं असं ठरलं. आता कशानं?

महिनाभर मी यात डोकं घातलं. आरओ प्रवासात चालत नाही, त्याला पंपाचा दाब लागतो. दिव्यासारखी यूव्हीची कांडी मिळते, विषाणूही मारते, पण पाणी गढूळ असलं की प्रकाश पोचत नाही, आणि सेल संपला की काठी. शेवटी पिळायचा फिल्टर घेतला. मुठीएवढा, शंभर ग्रॅमच्या आत. ब्रँड लिहीत नाही, नाहीतर म्हणाल काका जाहिरात करायला लागले. आत पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, डायलिसिसच्या नळकांड्यात असतो तसाच. पाणी धाग्याच्या भिंतीतून झिरपून आत येतं, घाण बाहेर राहते. बरोबर एक सिरिंज देतात, चोंदला की उलटं पाणी मारायला. ती सिरिंज बघून मला भरून आलं. माझा बॅकवॉश, खिशात मावणारा!

स्वयंपाकघरात चाचणी घेतली. कुंडीतली माती कालवलेलं पाणी घातलं, नितळ आलं. धाकटी टाळ्या वाजवायला लागली. मग जिलबीचा खायचा रंग घातला. जसाच्या तसा केशरी बाहेर. "बघ," म्हटलं, "विरघळलेलं काहीही हा धरत नाही. रंग, मीठ, शेतातलं औषध, केमिकल, काही नाही. वर वस्ती असलेला ओढा, मिलखालची खाडी, शेताच्या बांधाचं पाणी, इथे हा काढायचाच नाही." विषाणूसाठी क्लोरीनच्या गोळ्या घेतल्या. गंमत अशी की क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जीव क्लोरीनला दाद देत नाही, पण तो मोठा असल्यानं फिल्टरमध्ये अडकतो. आणि फिल्टरमधून सुटणारा विषाणू क्लोरीननं मरतो. क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी गाळायचं, मग गोळी. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, हे मला मिलनं शिकवलंय.

डिसेंबरच्या एका शनिवारी निघालो. धाकटी, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. व्यारा, आहवा करत रात्री पायथ्याच्या वाघांब्यात एका घरी मुक्काम. पहाटे चढायला सुरुवात. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीपर्यंत मी चारदा बसलो. पुढे कातळातल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला. गुडघ्याला ते आकडे कळतात. माथ्यावर आलो तेव्हा दोन लिटर कधीच संपलेलं.

गंगासागर तळं शांत होतं, पण पाणी हिरवट. शेवाळाचे बारीक कण. मी बाटली बुडवून भरली, फिल्टर लावला, पिळायला लागलो. पहिली बाटली ठीक. दुसरीला जोर लागायला लागला. तिसरीला थेंब थेंब. सिरिंजनं उलटं पाणी मारलं. बाटलीभर चाललं, पुन्हा तेच. आणि सिरिंजला लागतं गाळलेलंच पाणी, म्हणजे होतं तेही खर्च. बरोबरची पिशवी पिळताना शिवणीशी फाटली. फिल्टरचा आटा प्रत्येक पाण्याच्या बाटलीला बसत नाही. कोल्ड्रिंकची जाड बाटली मी घरून मुद्दाम आणली होती, तिनं लाज राखली. तरी चार माणसं, ऊन चढलेलं आणि ३१ वर्षांचा अनुभव घामाघूम होऊन तळ्याकाठी बसलेला.

रुमाल काढायला सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला, तर एक घडी हाताला लागली. आईच्या लुगड्याचा तुकडा. हिनं न सांगता घातलेला.

आता मी कापडाचा माणूस. पण ही गोष्ट मला त्या क्षणापर्यंत सुचली नव्हती याची शरम वाटली. रिटा कॉलवेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशच्या खेड्यांत हेच करून पाहिलं होतं. जुन्या सुती साडीच्या चार पदरी घडीतून पाणी गाळायचं. २००३ साली निष्कर्ष छापला: कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, किडा अडकला की तेही अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुताचे तंतू फुलतात आणि विणीतली भोकं बुजतात. आपल्या सुरतेची पॉलिएस्टर साडी इथे कामाची नाही, तिच्या धाग्याला लव नसते. आयुष्यभर ज्या मालावर पोट भरलं तो तळ्यावर नापास!

चार पदर बाटलीच्या तोंडावर बांधले. फडक्यावर हिरवा थर बसला, खाली पाणी जवळपास स्वच्छ. मग फिल्टरला बॅकवॉश देऊन तेच पाणी त्यातून पिळलं. सरळ धार. मैत्रिणींपैकी एक फडकं धरायची, एक बाटली. मी फक्त ओरडायचो, "लाल दोऱ्याची बाटली कच्च्या पाण्याची! तिचा थेंबही चांगल्या बाटलीच्या तोंडाला लागता कामा नये!" मिलमध्ये पाइपांना वेगळे रंग देतात, तसा मी बाटलीला लाल दोरा बांधला होता. फिल्टर उत्तम असून ओल्या हातानं झाकण लावलं की सगळं मुसळ केरात.

मग गोळी आणि ३० मिनिटं. तेवढ्यात मैत्रिणी वर परशुरामाच्या देवळाकडे गेल्या. धाकटी माझ्याजवळ बसून राहिली. समोर सालोटा, लांब मांगी-तुंगीचे सुळके. ती घड्याळ बघत होती. "पप्पा, अजून चार मिनिटं." २०१९ नंतर बाहेरचं पाणी ती वास घेऊनच पिते, हे मला माहीत आहे.

वेळ झाली. मी बाटली उचलली, "आधी मी पितो."

ती हसली. "त्यानं काय कळणार? कावीळ महिन्यानं दिसते." आणि माझ्या हातातून बाटली घेऊन घटाघटा प्यायली. क्लोरीनचा वास म्हणे सुरतेच्या नळासारखाच आहे, घरचं वाटतं.

घरी आल्यावर फिल्टर धुऊन, आठवडाभर वाळवून ठेवला. ओला बंद केला तर आत बुरशी धरते. आणि इथले कुणी हिमालयात जाणार असतील तर लक्षात ठेवा, एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर आतले धागे फुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. रात्री अंथरुणात, अंगाशी घेऊन झोपा त्याला.

हिनं मात्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही परत आलो त्या तारखेवर बारीक गोल केला आणि रोज एक फुली मारायला लागली. बोलली काही नाही. धाकटीच्या जेवणावर लक्ष, सकाळी डोळ्यांवर लक्ष. जानेवारी गेला. फेब्रुवारीत ५० वी फुली पडली त्या दिवशी मी चहा घेत होतो. हिनं लुगड्याचा तो तुकडा इस्त्री करून, चार पदरी घडी घालून फिल्टरच्या डबीत ठेवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"त्या परशुरामाच्या देवळाला पायऱ्या किती आहेत हो?"