५४ टक्के

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त पुतणीचं.

परवा कर्जतला गेलो होतो. (हे आमचं नगरकडचं कर्जत, रायगडातलं नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. नाहीतर लोक लगेच लोकलचं टायमिंग विचारतात.) जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण दादा अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतो. रात्री जेवणं झाली, ओट्यावर बसलो होतो आणि पुतणी वही-पेन घेऊन समोर येऊन बसली. तिचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय गणित.

"काका, गणितात एम.एस्सी. करायला काय काय लागतं ते नीट सांगा. मी लिहून घेते."

मी मास्तर माणूस, त्यामुळे लगेच सुरू झालो. आधी कागदावरचं. गणित घेऊन पदवी हवी. जिथे प्रवेश हवा तिथली प्रवेशपरीक्षा असेल तर ती द्यायची, आयआयटीत जायचं असेल तर 'जॅम'. पुढे दोन वर्षं, चार सेमिस्टर. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात दोन वर्षांचे मिळून ८० ते ८८ क्रेडिट आहेत. एका वर्षात थांबलीस तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एम.एस्सी. एकाच वर्षाचं. विषय बाकी पूर्वीचेच: रिअल अ‍ॅनालिसिस, ग्रुप थिअरी, रिंग थिअरी, लिनिअर अल्जिब्रा, टोपॉलॉजी, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, डिफरन्शिअल इक्वेशन्स. आता जोडीला संशोधन प्रकल्प असतो, संशोधनपद्धतीचा पेपर असतो. आमच्या वेळी मुख्य भर लेखी पेपरावर होता.

ती भराभर लिहीत होती. "आणि किती मार्क पाहिजेत?"

"पास व्हायला कमी चालतात. पण पुढे सीनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट द्यावी लागते, आणि त्याला बसायला खुल्या गटासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात. राखीव गटांना ५०."

"तुम्हाला किती होते?"

दादा सुपारी कातरत होता. वहिनी दारात उभी होती. मी म्हणालो, "५४."

हे मी घरात पहिल्यांदाच सांगितलं. म्हणून इथेही लिहितोय, कारण नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात. 'तू प्राध्यापक का नाही झालास?' असं तुम्ही विचारायचात तेव्हा मी म्हणायचो, 'तिथे वशिला लागतो.' वशिल्याची वेळच आली नव्हती हो. मी नेटच्या फॉर्मापर्यंतही पोचलो नव्हतो. एक टक्का कमी पडला, पुन्हा पेपर देऊन मार्क वाढवायची लाज वाटली, मग बी.एड. केलं आणि अकरावी-बारावीला शिकवायला लागलो. नोकरी चांगली आहे, मुलं चांगली आहेत. पण ते उत्तर खोटं होतं.

आणि तो एक टक्का का गेला तेही माहीत आहे. मी सिद्धता पाठ करायचो. लहानपणी हरिपाठ पाठ केला तशाच. हाइने-बोरेलचं प्रमेय मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. तोंडी परीक्षेत एका सरांनी साधं विचारलं, "शून्य ते एक हा खुला अंतराल कॉम्पॅक्ट का नाही?" मी प्रमेय म्हणायला सुरुवात केली. ते म्हणाले, "प्रमेय नको, का ते सांगा." मी गप्प.

पुतणीने मला तिथेच थांबवलं. "का नाही, काका?"

मग तिच्याच वहीत एक रेघ ओढली. एका टोकाला शून्य, दुसऱ्याला एक, आणि दोन्ही टोकं वगळलेली. आता १/२ ते १ झाक. मग १/३ ते १, मग १/४ ते १, असं करत जा. हे सगळे, म्हणजे अनंत तुकडे घेतले तर रेघेवरचा प्रत्येक बिंदू कुठे ना कुठे झाकला जातो. पण यातले मोजकेच ठेवायचे म्हटलं तर? शंभर ठेव, लाख ठेव, शून्याजवळची थोडी जागा उघडी राहतेच. मोजक्यांत काम भागत नाही, म्हणून कॉम्पॅक्ट नाही.

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "म्हणजे कुकडीच्या कॅनॉलसारखं. किती का आवर्तनं सोडंनात, टेलला थोडं कोरडं राहतंच."

मी बघतच राहिलो. दादा दहावीनंतर शेतीत आला. त्या दिवशी त्या खोलीत तो असता तर त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले असते!

बरीच वर्षं मी कापरेकर गुरुजींच्या नावाची ढाल केली. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवलं, पदव्युत्तर पदवी नव्हती, तरी ६१७४ हा अंक जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. 'बघा, डिग्रीत काय आहे!' असं मी वर्गात सांगायचो. पण गुरुजी आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले, आणि मी प्रश्नपत्रिकेत येईल तेवढंच वाचलं. त्यांच्याकडे पदवी नव्हती हे आमच्यातलं साम्य नव्हतंच. माझ्याकडे तर ती होती.

तर पुतणीच्या वहीत मी शेवटी कागदाबाहेरचं लिहून दिलं. प्रत्येक व्याख्येला आपलं एक उदाहरण शोधायचं, आणि ती व्याख्या जिथे बसत नाही असंही एक. सिद्धता पुस्तक मिटून लिहायची, अडलं की कुठे अडलं ते लिहायचं. कळलं नाही तर त्याच दिवशी 'कळलं नाही' म्हणायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मला जमायला ही रात्र उजाडावी लागली.

झोपायला उठताना दादा हळूच म्हणाला, "अण्णा गावभर सांगत फिरायचे, पोरगं हुशार होतं पण वशिला नव्हता."

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहिलं.

असो. सकाळी एसटीला निघालो तर पुतणी वही घेऊन स्टँडवर आली. रात्री बसून तिने अजून एक उदाहरण काढलं होतं. चुकलं होतं, पण तिचं स्वतःचं होतं. गाडी सुटेपर्यंत आम्ही ते कुठे चुकलं ते शोधत होतो.