करवलीची केशरचना

लग्नघरात वधूच्या खालोखाल लगबग असते ती करवलीची. वधूच्या पाठीशी उभी राहणारी ही बहुधा तिची धाकटी बहीण. तिच्या हाती कधी पाण्याने भरलेला करा असतो, तर कधी शकुनाचा दिवा. हात असे गुंतलेले असता कपाळावर आलेली बट सावरावी कोणी? आणि दिव्यापाशी मोकळे केस तर धोक्याचेच. म्हणून करवलीचे केस असे बांधावे लागतात, की अक्षता पडेपर्यंत त्यांना हात लावण्याची गरजच पडू नये.

लांबसडक केसांचा अंबाडा सहज वळतो. परंतु केस जेमतेम खांद्यापर्यंत पोचत असतील तर? पुष्कळ मुली अशा वेळी हिरमुसतात आणि गंगावन जोडून उसनी वेणी मिरवितात. त्याच्या भाराने आखूड केस हळूहळू निसटू लागतात आणि करवलीचे सारे लक्ष स्वतःच्या पाठीकडे लागून राहते.

अशा केसांना सागरवेणीच बरी. कपाळापाशी तीन पेड घेऊन ती आरंभावयाची आणि दर वळणाला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे केस तीत मिळवीत जावयाचे. त्यामुळे आखूड केसही जागच्या जागी बसतात. मानेपाशी उरलेले टोक आत दुमडून आकड्यांनी खोचले आणि वर मोगऱ्याचा गजरा माळला, की वेणी कोठे संपली ते दिसतही नाही.

मग करवली निश्चिंत उभी राहते. हात स्थिर, ज्योत स्थिर आणि नजर ताईच्या मुखाकडे. केस किती लांब आहेत, हे त्या वेळी कोणाच्या मनातही येत नाही, तिच्याही नाही.