गाडी पाहायला आम्ही खुर्ची घेऊन गेलो

आमचा धाकटा भाऊ कळंबला वायरमन आहे. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत तो धाराशिवला घरी आला आणि खिशातून शोरूमचे दोन कागद काढून आमच्यापुढे ठेवले. "दादा, गाडी घ्यायचीय. हायब्रीड. लिटरला सत्तावीसच्या वर देते म्हणतात. तुम्ही एवढं तपासून सांगा."

आम्ही पडलो कारकून, त्यात बी. कॉम. वस्तीत कोणाचे कर्ज असो की बचत गटाचे पुस्तक, कागद आमच्याकडे येतो. पण घरचा कागद तपासणे सर्वांत अवघड. नाही म्हणावे तर भाऊ दुखावतो. हो म्हणावे तर हप्ता त्याच्या मानेवर बसतो.

ही नुसती हौस नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. 2009 साली एका रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले. चार दारे ठोठावली, तेव्हा कुठे जीप मिळाली, तीही पैसे हातावर ठेवल्यावर. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. भावाच्या मनातून ती रात्र गेलेली नाही. आता आईचे गुडघे गेले आहेत. चाकाच्या खुर्चीशिवाय तिला बाहेर नेता येत नाही आणि महिन्यातून एकदा सोलापूरचा दवाखाना चुकत नाही. दारात गाडी हवी, याबद्दल आमचे दुमत नव्हते. प्रश्न होता, कोणती.

आधी आम्ही 'हायब्रीड' हा शब्दच तपासला. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटार व बॅटरी. ब्रेक दाबला की चाकांची वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते. थोडे काम इंजिन करते. घरी प्लग लावावा लागत नाही. 1997 साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे. आपल्याकडे 2022 साली मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन जुळ्या बहिणी आल्या. इंजिन दीड लिटरचे, कागदावरचे मायलेज 27.97 किलोमीटर. पण एक खोच ध्यानात ठेवा. याच गाड्यांची स्वस्त मॉडेलेही 'हायब्रीड' म्हणून दाखवली जातात. ती 'माइल्ड', त्यांतली छोटी मोटार इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही. 27.97 चा आकडा 'स्ट्राँग' मॉडेलचा. शब्द एक, माल दोन. दुकानात गेल्यावर हा पहिला प्रश्न विचारावा.

भावाला सरकारी सवलतीची आशा होती. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. विजेच्या गाडीला 5 टक्के कर. पण चार मीटरपेक्षा लांब अशा पेट्रोल हायब्रीडला साध्या पेट्रोल गाडीसारखाच 40 टक्के. "मग विजेचीच का नाही?" आम्ही विचारले. भाऊ हसला. "दादा, मी वायरमन आहे. वीज कधी जाते, ते मला विचारा."

मग आम्ही वही काढली. त्या दोन कागदांत साधी पेट्रोल आणि स्ट्राँग हायब्रीड यांत अडीच लाखांचा फरक होता. भावाची गाडी वर्षाला फार तर दहा हजार किलोमीटर पळणार. साधी गाडी लिटरला 16 आणि हायब्रीड 22 देते असे धरले, तर वर्षाला 170 लिटर पेट्रोल वाचते. 105 रुपये भावाने साधारण 17,850 रुपये. म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला चौदा वर्षे! हायब्रीडच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची. हीच गाडी वर्षाला तीस हजार किलोमीटर पळणार असती, तर फरक पाच वर्षांच्या आत निघाला असता आणि आम्हीच "घे" म्हटलो असतो. वस्तू वाईट नाही. आपली गरज कोणती, त्यावर तिचा गुण ठरतो.

तरीही वहीवर निकाल देणे बरे नाही, म्हणून सोलापूरला जाऊन दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. आई बरोबर होती आणि तिची घडीची खुर्चीही. शोरूमचा पोरगा खुर्चीकडे पाहतच राहिला. आई हायब्रीडच्या मागच्या सीटवर सहज बसली. सीटची उंची तिला बेताची होती. शहरातल्या गर्दीत गाडी मोटारीवर चालली, इंजिनाचा आवाजच नाही. आई घाबरून म्हणाली, "बंद पडली का रं?" तुळजापूर रस्त्याला लागून वेग धरला, तेव्हा मात्र बहुतेक वेळ इंजिनच चालू राहिले. हायब्रीडची खरी बचत थांबत-चालत होणाऱ्या प्रवासात आहे. आपल्या मोकळ्या हायवेवर ती कमी होते.

नंतर डिकी उघडली. स्ट्राँग हायब्रीडमध्ये बॅटरी मागे असते, त्यामुळे डिकीची जागा घटते. वर सांगितलेल्या ग्रँड विटाराचेच आकडे पाहा, माइल्ड 373 लिटर, स्ट्राँग 265. खुर्ची आत गेली, पण मागचे एक सीट पाडल्यावर. मग आईजवळ बसणार कोण? साध्या गाडीत ती सीट न पाडता मावली.

परतताना एसटीत भाऊ बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "लोक म्हणतील, मोठी घ्यायची ऐपत नव्हती." आम्ही वही पुढे केली. बारा लाखांचे कर्ज, नऊ टक्के, सात वर्षे. महिन्याला 19,300 रुपये हप्ता आणि नुसते व्याज सव्वाचार लाखांच्या घरात. "लोक हप्ता भरायला येणार नाहीत. अडीच लाख हायब्रीडसाठी द्यायचे, की पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवायचे, ते तू ठरव." पुतणी दाराशी उभी होती. भावाने तिच्याकडे पाहिले आणि वही मिटली.

महिन्याने साधी पेट्रोल गाडी दारात आली. पहिली फेरी सोलापूरच्या दवाखान्याची. खुर्ची डिकीत, पुतणी आजीजवळ. भावाने चावी फिरवली, इंजिन घरघरले. आई मागून म्हणाली, "आता बरं वाटलं. चालू हाय म्हंजे."