न पाझरणारे पाणी

पाणी साठवण्याच्या जागांना मराठीत किती नावे आहेत, हे वर्गात सांगू लागलो की तास अपुरा पडतो. आड, विहीर, बारव, टाके, हौद, डोह, तळे, रांजण. ही नुसती समानार्थी शब्दांची यादी नव्हे. यातल्या प्रत्येक शब्दात पाण्याकडे पाहण्याची एक वेगळी रीत आहे. आड जगतो तो झऱ्यांवर, आणि रांजणातले पाणी गार होते ते रांजण पाझरतो म्हणून. गेल्या वीसेक वर्षांत आमच्या धाराशिव जिल्ह्यात या यादीला एक नवे नाव जोडले गेले आहे: शेततळे. त्याच्या तळाशी आणि काठांवर जे जाड प्लास्टिक अंथरतात त्याला सरकारी कागदपत्रांत 'अस्तरीकरण' म्हणतात. शेतकरी मात्र त्याला नुसते 'कागद' म्हणतो. कागदावरच पोट असलेल्या आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांना या शब्दाचे कुतूहल वाटले नसते तरच नवल.

अशाच एका शेततळ्याचा उरलेला कागद आमच्या घरी आला आणि त्यातून आम्ही ओसरीत माशांसाठी मोठी टाकी बांधली. पाच काचा जोडून एवढी मोठी टाकी करणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. नुसता सिमेंटचा हौद केला, तर नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि तो माशांना सोसत नाही. त्यात आमच्याकडची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात. कागदाचा गुण इथे कामी येतो. भिंत थोडी हलली, तर तो वाकतो, तडकत नाही.

टाकी आत ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच. तीत पाणी अडीच फूट. कागदाचे माप काढायला साधे गणित पुरते. लांबीत दोन्ही बाजूंची उंची आणि काठावर वळवायला एकेक फूट मिळवायचा, म्हणजे १६ फूट. रुंदीलाही तोच हिशेब, म्हणजे १२ फूट. कागदाची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा पापुद्र्यावर सव्वादोन हजार लिटर, म्हणजे सव्वादोन टन पाणी उभे राहते. पण भार पेलतो तो कागद नव्हे. पाण्याचा लांब भिंतीवरचा सातशे किलोंच्या आसपासचा रेटा विटा सोसतात आणि तळाचे वजन जमीन घेते. कागद फक्त पाणी आणि भिंत यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मात्र खाली एखादा टोकदार खडा राहिला, तर तेवढ्याने घात होतो. म्हणून तळाशी रेती चाळून पसरली आणि तिच्यावर एक जुनी वाकळ अंथरली.

हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात तो सहज बसत नाही. ते काम आईंनी केले. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा त्यांनी चारही कोपऱ्यांत घड्या घातल्या आणि त्या एकाच दिशेला दाबून बसवल्या. पुढच्या भिंतीत आम्ही ४ फूट बाय २ फुटांची खिडकी ठेवली होती. काच काचेला जोडणारे सिलिकॉन या प्लास्टिकला धरत नाही. म्हणून १२ मिलिमीटरची काच चौकटीच्या आतल्या बाजूने बसवली, मध्ये कागदाची कड आणि रबराची पट्टी घेतली आणि सगळे बोल्टांनी आवळले. काच आतून असल्याने पाणी जितके रेटते तितकी ती चौकटीला घट्ट चिकटते. पाण्याने आपल्याच जोराने आपली वाट बंद करावी, ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

आईंना मात्र ती आवडली नाही. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे, डोक्यावर हंडे वाहिले आहेत. "लोकं टँकरची वाट बघायलेत आन् तुम्ही मासे पाळायलेत व्हय?" असे त्या म्हणाल्या. हा प्रश्न विनोदावारी नेण्यासारखा नव्हता. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते वर्ष आमच्या जिल्ह्यानेही सोसले आहे. आम्ही हिशेब मांडला. उन्हाळ्यात टाकीतून रोज एक घागरभर पाणी वाफ होऊन जाते. दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे लागते, ते परसातल्या झाडांना जाते. आईंनी हिशेब ऐकून घेतला आणि विचारले, "पर ह्याचं पाणी मुरतंय कुठं?"

'कुठेतरी पाणी मुरतंय' असे आपण संशयाने म्हणतो. वाक्प्रचारात मुरणारे पाणी म्हणजे लबाडी. आईंच्या बोलण्यात मुरणे हा पाण्याचा धर्म होता. त्यांच्या पिढीने दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर जे तलाव खणले, त्यांचे नावच पाझर तलाव. ते पाझरावेत म्हणूनच बांधलेले. तलावात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकले नाही तरी बिघडत नसे. ते खालच्या शिवारातल्या विहिरींत उतरत असे. ज्यांनी खणले त्यांचे शेत तिथे असेलच असे नव्हते.

कागदाच्या तळ्याची नीती याच्या नेमकी उलट आहे. ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे, काठांचा उतार धरूनही, सुमारे वीस लाख लिटर पाणी धरते, आणि त्यातला थेंबही जमिनीला देत नाही. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून आणि २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेतून शेततळी वाढली. त्यांनी द्राक्षबागा वाचवल्या, कर्ज फेडले, आमच्या काही विद्यार्थ्यांची फीही भरली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पावसाचे पाणी धरण्यासाठी केलेली तळी अनेक ठिकाणी विंधनविहिरी उपसून भरली जातात. सगळ्यांच्या पायाखालचे पाणी एकाच्या कागदावर येते आणि उघड्यावर उन्हाला दिले जाते. शिवाय या कागदाचा काठ निसरडा असतो. पाय घसरून आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही तो वर येऊ देत नाही. म्हणून कुंपण हवे, काठाला बांधलेले दोर हवेत, फुगवलेल्या ट्यूब हव्यात. जिथे त्या नव्हत्या, तिथे मुले गेली आहेत. जो गुण पाण्याला बाहेर जाऊ देत नाही, तोच माणसालाही बाहेर येऊ देत नाही.

मग पाणी नुसते पाहण्यासाठी राखणे ही चैनच का? याच जिल्ह्यातला नळदुर्गचा पाणी महाल आम्हांला याचे उत्तर वाटतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर धरण बांधले गेले आणि त्याच्या भिंतीच्या पोटात महाल केला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे धबधबे वाहू लागतात. महालात उभे राहिले की समोरून पाणी कोसळत असते आणि आपण कोरडे असतो. आमच्या टाकीत पाणी आत आणि आपण बाहेर. तिथे आपण भिंतीच्या आत आणि पाणी बाहेर. पण पाहण्यासाठी तिथे पाणी कोंडलेले नाही. ते वाहत्या वाटेवर आहे, खालच्या गावांकडे निघालेले. सौंदर्याने उपयोगाची वाट अडवलेली नाही.

साहित्य शिकवताना आम्ही उपयुक्तता आणि सौंदर्य यांचे द्वंद्व फळ्यावर दोन स्तंभांत लिहीत आलो. आता वाटते, खरा प्रश्न या दोन स्तंभांत मावत नाही. साठवलेले सुंदर असो वा उपयोगी, त्यातले थोडे तरी साठवणाऱ्याच्या कुंपणापलीकडे जाते का, हे विचारायला हवे. हा प्रश्न शेततळ्याला लागू आहे, तसा घरातल्या पुस्तकांच्या कपाटालाही आहे.

टाकीत आता गप्पी मासे आहेत आणि ते भराभर वाढतात. गल्लीतल्या उघड्या हौदांत डासांच्या अळ्या फार. म्हणून दर महिन्याला पोरे डबे घेऊन येतात आणि मासे घेऊन जातात. पावसाळ्यापूर्वी आम्ही छपराचे पाणी टाकीत घेणारी नळी बसवली आणि टाकी भरल्यावर वरून सांडणारे पाणी परसात आईंनी दाखवलेल्या जागी खणलेल्या शोषखड्ड्यात सोडले. तिथे ते मुरते.