कृष्णाकाठचा उन्हाळा आणि ओठांवरची गाणी

वाईपासून हरिपूरपर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने जाणाऱ्याला उन्हाळ्याची अनेक रूपे भेटतात. वाईच्या घाटावर सकाळचा गारवा बराच वेळ पायऱ्यांवर रेंगाळतो. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना येऊन मिळते. पात्र रुंदावते आणि ऊनही वाढते. नदीपासून दूर, आटपाडी-जतच्या माळावर तर भर दुपारी पाखरूसुद्धा दृष्टीस पडत नाही. या प्रत्येक मुक्कामाची गाणी निराळी आहेत. येथे बालपण गेलेल्या आजच्या ज्येष्ठांच्या कानांत ती अजूनही आहेत. वैशाखातल्या लांबलचक दुपारी, घराबाहेर पडणे अशक्य असताना, या गाण्यांच्या वाटेने त्यांना पुन्हा त्या गावांना नेता येते.

या वाटेचा आरंभ जात्यापासून करावा. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे मुहूर्ताच्या जात्यावर दळली जाणारी हळद. तेथे गायिलेल्या ओव्यांत भाऊ असे, माहेर असे, तापलेली वाट असे. कवयित्रीचे नाव मात्र कोठेच नसे. याच दिवसांत लेकीबाळी मुलांना घेऊन माहेरी येत. पुणे-मिरज लोहमार्ग 1971 पर्यंत मीटरगेज होता. त्या गाडीच्या खिडकीतून डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण अनेकांना आजही आठवतो. ग. दि. माडगूळकरांचे मामाच्या गावाला नेणारे अगीनगाडीचे गाणे आशा भोसले यांनी गायिले. आशाताईंचा जन्म सांगलीचा, 1933 सालचा.

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होत. मुंबईच्या गिरण्यांत गेलेले बाप आणि काका त्या निमित्ताने गावी परतत आणि रात्री तमाशाची ढोलकी ऐकू येई. लावणीचे थोर रचनाकार पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, तर शाहीर अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे. गावी राहिलेल्या मैनेची अण्णा भाऊंची छक्कड अनेक घरांत केवळ करमणूक नव्हती. ती घरचीच हकीकत होती.

रामनवमीही याच उन्हात येते. 1 एप्रिल 1955 या दिवशी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आणि पुढे वर्षभर चाललेली 56 गीते. हे शब्द लिहिणारा कवी माणदेशातल्या कोरड्या माळावरचा. त्याचा जन्म शेटफळ्याचा. 1963 मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आले आणि रेडिओचा आवाज अधिक जवळून येऊ लागला.

सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे, तेथे वारणा कृष्णेला मिळते. पलीकडे मिरजेला वाळलेल्या भोपळ्यांचे तंबोरे आणि सतारी घडतात. पाठीला वाळका भोपळा बांधून नदीत पोहायला शिकलेल्या पिढीला हे दृश्य विशेष गमतीचे वाटावे. एक भोपळा पाण्यावर तारून नेई, दुसरा सुरांवर.

हे केवळ स्मरणरंजन नव्हे. साधारण दहा ते तीस वर्षे वयातील आठवणी माणसाच्या मनात अधिक ठळक राहतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. 1945 च्या सुमारास जन्मलेली व्यक्ती ‘गीतरामायणा’च्या वेळी दहा वर्षांची होती, म्हणजे ती गीते याच काळातली. स्मृतिभ्रंशातही परिचित सुरांची ओळख पुष्कळदा बराच काळ टिकते. सकाळचे जेवण न आठवणारी आजी गाण्याचे पुढचे कडवे अचूक म्हणते, ते यामुळेच.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. दूरचित्रवाणी बंद ठेवावी, पंखा मात्र चालू असावा. गाणे समोर बसून, मध्यम आवाजात लावावे किंवा स्वतः गुणगुणावे. “हे कोणाचं गाणं, सांगा पाहू?” असे विचारून परीक्षा घेऊ नये. “आई, तुमच्या माहेरी हळद दळायला कोण कोण यायचं?” असा प्रश्न बोलणे मोकळे करतो. डोळ्यांत पाणी आले तर घाईने गाणे बंद करू नये, हात हातात घ्यावा. अस्वस्थता वाढली तर मात्र गाणे बदलावे.

गाण्यांची ही बैठक पाणी पाजण्याच्याही उपयोगी पडते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. प्रत्येक गाण्यानंतर थोडे पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे. मधुमेह असल्यास पन्ह्यातला गूळ, रक्तदाब असल्यास ताकातले मीठ बेताचे ठेवावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलेच असावे. गिळण्यास त्रास होत असेल तर गाणे थांबल्यावरच, ताठ बसवून घोट द्यावा.

एक गोष्ट विसरता कामा नये. उन्हाच्या दिवसांत एखादी व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, गुंगीत गेली, अंग तापले किंवा लघवी फार कमी झाली, तर “वय झालं, विसरतात” असे म्हणून सोडून देऊ नये. तो उष्माघात असू शकतो. अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि तात्काळ रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

माडगूळकरांची गीते छापलेली आहेत, ध्वनिमुद्रित आहेत. ती कोठे जात नाहीत. परंतु आजीच्या जात्यावरच्या ओव्या बहुधा तिच्याच कंठात आहेत. या उन्हाळ्यात एक वही करावी. ओवी लिहावी, तिच्यापुढे गावाचे नाव आणि ती कोणाकडून ऐकली हे टिपावे. मोबाइलवर तिचा आवाजही जपून ठेवावा. पुढे कधी तिलाच स्वतःची ओवी आठवेनाशी झाली, तर तिच्याच आवाजात ती तिला ऐकवता येईल.