अर्धायुष्य

‘अणू’ हा शब्द मला प्रथम भेटला तो शाळेच्या पुस्तकात, हिरोशिमाचे बोट धरून. १९४५ सालचा तो धूर, ती भाजलेली माणसे... त्यामुळे मागच्या वर्षी डॉक्टरांनी, “तुमच्या आईंना किरणोत्सारी आयोडीन द्यावं लागेल,” असे सांगितले, तेव्हा माझ्या हातापायांतले बळच गेले. दादा माझ्या तोंडाकडे पाहत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा मला सारे कळतच असणार, असा त्यांचा भाबडा विश्वास!

वसमत तालुक्यातले आमचे गाव हळदीचे. हळद शिजवायच्या दिवसांत एकदा गळ्यातली पोत सारखी करताना मायच्या हाताला गाठ लागली. तपासणीत थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली. मागे राहिलेल्या पेशींसाठी हे औषध होते. परभणीला रात्री देवगिरी एक्सप्रेस धरून आम्ही मुंबईला, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये गेलो. टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीतली ही संस्था भाभा अणुसंशोधन केंद्राची. स्थापना १९६३ सालची.

तिथल्या एका बाईंनी मला शांतपणे समजावून सांगितले. थायरॉईडच्या पेशींना आयोडीनची भारी ओढ. त्यांच्यातून उपजलेल्या कर्करोगाच्या पेशींतही बहुधा ती खोड उरते. म्हणून आधी दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ बंद. पेशी अशा भुकेल्या केल्या, की मग आयोडीन-१३१ द्यायचे. आपले रोजचे अन्न समजून त्या ते ओढून घेतात आणि त्यातून निघणाऱ्या बीटा कणांनी मरतात. हे कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. म्हणून शेजारच्या अवयवांना फारशी झळ लागत नाही. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडतात. औषध कुठे जाऊन बसले याचे चित्र त्यांच्यावरूनच मिळते, आणि इतरांनी दूर राहायचे तेही त्यांच्यामुळेच.

पुढे ग्रंथालयात वाचताना मी थबकले. बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन थायरॉईडच्या रुग्णाला प्रथम दिले ते १९४१ साली. म्हणजे हिरोशिमाच्या चार वर्षे आधी! जगात औषध आधी आले होते; माझ्यापर्यंत मात्र बॉम्ब आधी पोचला.

औषध घेतल्यावर माय काही दिवस वेगळ्या खोलीत एकटी राहिली. घरी निघताना सूचनांचा कागद मिळाला. भरपूर पाणी प्यावे, वेगळे झोपावे, लहान मुलांपासून दूर राहावे... मायला वाचता येत नाही, म्हणून मीच तो रोज मोठ्याने वाचत असे. ओसरीवर तिची बाज वेगळी टाकली. शेजारची काकू म्हणाली, “म्हंजी शिवायचं नाही का तिला?” मी ऐटीत उत्तर दिले, “काकू, ही शिवाशिव नाही, हे गणित आहे. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात. आठ दिवसांत आयोडीन निम्मं होतं, याला अर्धायुष्य म्हणतात. शिवाय लघवीवाटे निघून जातं ते वेगळंच.” काकू गप्प झाली. मला माझाच अभिमान वाटला.

कागदावरचे दिवस संपले. त्याच सकाळी चुलतभावाचे दोन वर्षांचे पोर धावत जाऊन मायच्या मांडीवर बसले. मायने मला हाक मारली, “ये बाई, वेणी घालते.”

मी म्हणाले, “राहू दे. माझी मी घालते.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिचा पेला मी वेगळाच विसळत होते. तिसऱ्या दिवशी माय हातात तो कागद घेऊन आली.

“याची शेवटची ओळ वाच बरं.”

मी वाचली, “दिवस पूर्ण झाल्यावर नेहमीप्रमाणे वागावे.”

“मला तर रोज ऐकून पाठ झाली. म्हणलं, तुला दिसली का नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी मुकाट्याने तिच्यापुढे पाठ करून बसले. तिने केस सोडले, तेल लावले, आणि नेहमीसारखी घट्ट वेणी घातली. माझे डोळे भरून आले. ते तिला दिसले नाहीत, एवढेच बरे!

आज माय रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते, तपासणीला मुंबईला जाते, आणि हळदीच्या कामातही असते. किरणोत्साराचा एकेक नियम मला पाठ होता. पण भीतीचे अर्धायुष्य किती, ते मला कोणत्याच पुस्तकात सापडले नाही. काकूच्या मनातली भीती मी गणिताने घालवायला निघाले होते. माझ्या मनातली मात्र मायच्या फणीनेच गेली.

तो कागद मी माझ्या ट्रंकेत जपून ठेवला आहे. गावातल्या कुणाला कधी या उपचाराला जावे लागले, तर त्यांच्या घरी बसून तो वाचून दाखवीन. शेवटची ओळ दोनदा वाचीन.